शेवटच्या पानाचा आग्रह

परीक्षेचे वेळापत्रक सूचनाफलकावर लागले की महाविद्यालयाच्या व्हरांड्यात एक प्रश्न हटकून कानावर पडतो – "तुमचा पोर्शन संपला का?" विद्यार्थी विद्यार्थ्याला हे विचारतो, प्राध्यापक प्राध्यापकांना विचारतात आणि घरी गेल्यावर वडीलही तेच विचारतात. पोर्शन कळला का, असे मात्र सहसा कोणी विचारत नाही. इंग्रजीत ज्या शब्दाचा अर्थ नुसता 'भाग' किंवा 'वाटा' एवढाच आहे, त्याला आपण मराठीत एक निराळेच वजन आणून दिले आहे. ताटात वाढलेले जसे टाकायचे नसते, तसा हा अभ्यासाचा वाटाही टाकायचा नसतो. तो पचला की नाही, हा पुढचा प्रश्न!

शाळा-महाविद्यालयांपुरता हा आग्रह समजण्यासारखा आहे. एका वर्गात साठ-सत्तर विद्यार्थी, परीक्षा सर्वांची एकच, प्रश्नपत्रिका काढणारे तिसरेच कोणी. अशा व्यवस्थेत ठरलेला भाग ठरलेल्या मुदतीत उरकण्यावाचून शिक्षकाला गत्यंतर नसते. पण जेथे घंटा नाही, वर्ग नाही, शिक्षक एक आणि विद्यार्थी एक किंवा दोन, तेथे काय घडत असेल? ती माणसे तरी या प्रश्नातून सुटली असतील, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तसे नाही. अमेरिकेत मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी लक्षावधी कुटुंबे आहेत आणि 'वर्ष संपत आले, पुस्तक अजून संपले नाही' ही टोचणी त्यांनाही सतावते. ही टोचणी येते कोठून आणि तिच्यातून त्यांच्यापैकी जाणत्यांनी कोणती वाट काढली, हे समजून घेण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. उद्या शिक्षक आणि पालक होणाऱ्या आपणा सर्वांना त्यात घेण्यासारखे बरेच आहे, असे मला वाटते.

घर हीच शाळा

घरी शिकवणे ही काही नवी गोष्ट नाही. सार्वत्रिक शाळा येण्यापूर्वी जगात सर्वत्र बहुतेक मुले जे काही शिकत, ते घरी, शेतात किंवा कारखान्यातच शिकत. नवे आहे ते शाळा दाराशी असताना तिला नकार देऊन घरी शिकवणे. अमेरिकेत या विचाराला बळ मिळाले ते १९७०नंतर. जॉन होल्ट हे तेथील एक शिक्षक. वर्गात मुले उत्तर शोधण्याऐवजी शिक्षकाचा चेहरा वाचून उत्तराचा अंदाज बांधतात, हे त्यांनी जवळून पाहिले आणि १९६४ साली 'मुले नापास कशी होतात' या विषयावरचे आपले गाजलेले पुस्तक लिहिले. शाळा सुधारता येईल ही आशा त्यांनी पुढे सोडली आणि १९७७ पासून घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी एक नियतकालिक चालवले. १९८०च्या दशकात धार्मिक कारणांसाठी मुलांना घरी ठेवणारी ख्रिस्ती कुटुंबेही मोठ्या संख्येने या प्रवाहात आली. राज्याराज्यांत खटले झाले, कायदे बदलले आणि १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत घरचे शिक्षण कायदेशीर ठरले. तेथील सरकारी अंदाजानुसार १९९९ साली अशी मुले सुमारे ८ लाख ५० हजार होती. २०१२ साली ती सुमारे १७ लाख ७० हजार झाली. २०२०च्या महामारीत तर शाळकरी मुले असलेल्या दर १०० कुटुंबांपैकी सुमारे ११ कुटुंबांनी आपण घरीच शिकवत असल्याचे जनगणना खात्याला सांगितले.

आता हे पालक शिकवतात तरी कशावरून? सर्वच पालक काही शिक्षणशास्त्र शिकलेले नसतात. तेव्हा ते तयार अभ्यासक्रम विकत घेतात. बाल्टिमोर शहरातील काल्व्हर्ट नावाच्या शाळेने १९०६च्या सुमारासच टपालाने घरगुती अभ्यासक्रम पाठवायला सुरुवात केली होती. एका पेटीत वर्षभराची पुस्तके, वह्या आणि रोज काय शिकवावे हे सांगणारी मार्गदर्शिका. आज अशा अभ्यासक्रमांची मोठी बाजारपेठ आहे. गणित, व्याकरण, शुद्धलेखन, सुलेखन, इतिहास, विज्ञान अशा प्रत्येक विषयाचे पुस्तक, त्याला जोडून स्वाध्यायपुस्तिका आणि शिक्षकासाठी वेगळे पुस्तक. त्यात बहुधा ३६ आठवड्यांचे, दिवसवार आखलेले वेळापत्रक. पेटी उघडली की सगळे कसे नीटनेटके आणि निश्चिंत वाटते. खरी अडचण सुरू होते ती दोन-तीन महिन्यांनी.

सुटत का नाही?

मूल आजारी पडते, धाकट्याला दात येतात, घरात पाहुणे येतात. कधी मुलाला भागाकार आठवडाभरात उमगतो आणि पुस्तकात मात्र त्याचे महिनाभराचे धडे शिल्लक असतात. कधी उलट, दोन दिवसांचा म्हणून दिलेला धडा दोन आठवडे झाले तरी डोक्यात शिरत नाही. वेळापत्रक पुढे धावते आणि घर मागे राहते. मग आई संध्याकाळी दोन धडे उरकते, शनिवारी तीन. मूल रडकुंडीला येते आणि आई त्याच्याहून आधी.

असे असूनही पुस्तक सोडवत नाही, याची कारणे मला चार दिसतात. पहिले कारण म्हणजे पैसे मोजलेले असतात. विकत घेतलेली वस्तू वाया जाऊ नये ही गृहस्थी वृत्ती. दुसरे, पालक स्वतः शाळेत शिकलेले असतात आणि पुस्तक संपणे म्हणजे इयत्ता संपणे, हे समीकरण त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. तिसरे कारण भीतीचे. मुलाच्या ज्ञानात कोठे तरी भोक राहून जाईल आणि त्याचा दोष आपल्या माथी येईल, ही ती भीती. शाळेत शिकलेल्या मुलाला एखादी गोष्ट आली नाही तर दोष शाळेचा किंवा मुलाचा. घरी शिकलेल्याला आली नाही तर दोष आईचा! चौथे कारण कायद्याचे. आपण पुस्तक पूर्ण केले नाही तर सरकार काय म्हणेल, असे अनेकांना वाटते.

या चौथ्या कारणाचा आधी निकाल लावणे सोपे आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. टेक्सासमध्ये न्यायालयाच्या निर्णयानुसार वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व या पाच विषयांचा लेखी अभ्यासक्रम असावा, एवढीच मुख्य अपेक्षा आहे. पेनसिल्व्हेनियाचा कायदा बराच कडक. तो वर्षाला १८० दिवस किंवा प्राथमिक इयत्तांसाठी ९०० तास शिक्षण मागतो आणि मुलाच्या कामाचे नमुने जपून ठेवायला लावतो. पण तोही दिवस आणि तास मोजतो, पाने मोजत नाही. न्यूयॉर्क राज्याचा नियम सर्वांत बोलका आहे. तेथे पालकाने वर्षारंभी स्वतःची योजना लिहून द्यायची आणि दर तिमाहीला अहवाल पाठवायचा. त्या तिमाहीसाठी योजलेल्या भागापैकी ८० टक्क्यांहून कमी भाग एखाद्या विषयात झाला असेल, तर त्याचे कारण लेखी कळवायचे. म्हणजे इतक्या काटेकोर नियमानेही पाचवा हिस्सा राहून गेला तरी हरकत घेतलेली नाही. त्याहून जास्त राहिला तरी मागितले आहे ते कारण. इंग्लंडमध्ये तर १९४४च्या शिक्षण कायद्यापासून मुलाला त्याच्या वयाला आणि कुवतीला साजेसे शिक्षण मिळावे, एवढीच जबाबदारी पालकावर टाकलेली आहे. ते शाळेत मिळो वा अन्य मार्गाने. त्यात कोणत्या पुस्तकाचा उल्लेखही नाही. शेवटच्या पानाची सक्ती सरकारने केलेली नाही. ती घरातच जन्माला आली आहे.

पुस्तक कोणासाठी लिहिलेले असते?

उरलेल्या तीन कारणांचे उत्तर, क्रमिक पुस्तक तयार कसे होते हे पाहिले की मिळते. पाठ्यपुस्तकाचा लेखक कोणत्याही एका मुलासाठी लिहीत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर पंचवीस-तीस मुलांचा वर्ग असतो. त्यात चटकन समजणारा असतो, चार वेळा सांगावे लागणारा असतो, गोवर येऊन पंधरा दिवस घरी राहिलेला असतो आणि दुसऱ्या गावाहून नुकताच आलेलाही असतो. या सर्वांना पुरावे म्हणून लेखक उदाहरणे मुद्दाम जास्त घालतो. शिक्षकाने त्यातून निवड करावी, ही अपेक्षा त्यामागे असते. खाणावळीत सर्व पदार्थ फळ्यावर लिहिलेले असतात, म्हणून एकाच गिऱ्हाइकाने सगळे मागवायचे नसतात.

शिवाय अमेरिकेतील गणिताच्या पुस्तकांचे पहिले काही धडे बहुधा मागच्या इयत्तेच्या उजळणीचे असतात, कारण उन्हाळ्याच्या लांब सुट्टीत मुले विसरलेली असतात. जे मूल घरी बाराही महिने थोडेथोडे गणित करते, त्याला ही उजळणी कशासाठी? आणखी एक गोष्ट म्हणजे विषयांची पुनरावृत्ती. जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञांनी १९६० साली शिक्षणप्रक्रियेवरील आपल्या पुस्तकात असा विचार मांडला की, महत्त्वाची कल्पना मुलाला लहानपणी सोप्या रूपात द्यावी आणि पुढे पुन:पुन्हा तिच्याकडे परतून ती अधिक खोल करत न्यावी. विचार उत्तमच होता. परंतु पुस्तकांत उतरताना त्याचे पुष्कळदा असे झाले की, नामाची तीच व्याख्या आणि त्याच प्रकारचे स्वाध्याय वर्षामागून वर्षे येत राहिले. परतून येणे राहिले, खोल जाणे मात्र राहून गेले. अशा ठिकाणी तिसरीचे व्याकरणाचे शेवटचे तीन धडे सुटले तर चौथीत ते पुन्हा भेटणारच असतात.

जिना आणि शिवार

मग काय वाटेल ते सोडावे? मुळीच नाही. येथेच विचाराची खरी गरज आहे. कोणता विषय कसा शिकला जातो, यावर त्यातले काय सोडता येते हे अवलंबून असते.

काही विषय जिन्यासारखे असतात. गणित हा त्यातला मुख्य. वाचनाची पहिली अक्षरओळख आणि परक्या भाषेचे व्याकरण हेही त्याच जातीचे. बेरीज-वजाबाकीतला हातचा कळल्यावाचून गुणाकार नाही, गुणाकारावाचून भागाकार नाही आणि या सर्वांवाचून अपूर्णांक नाहीत. येथे पायरी गाळता येत नाही. पण प्रत्येक पायरीवर सारखाच वेळ उभे राहिले पाहिजे, असेही नाही. यासाठी अनुभवी पालक एक साधी युक्ती वापरतात. धडा शिकवण्यापूर्वी त्या धड्याच्या शेवटची पाच-सहा उदाहरणे मुलाला देतात. ती त्याने बरोबर सोडवली आणि ती तशी का सोडवली हेही सांगितले, तर तो धडा झाला, पुढे चला. चुकली, तर कोठे चुकली ते पाहायचे आणि तेथे हवा तितका वेळ थांबायचे. परीक्षा आधी आणि धडा नंतर, असा हा उलटा क्रम आहे. यात एका धड्यावर वाचलेला आठवडा दुसऱ्या अवघड धड्याला देता येतो.

मात्र येथे पुस्तकाची घडणही पाहावी लागते. जॉन सॅक्सन नावाच्या निवृत्त हवाई दल अधिकाऱ्याने अमेरिकेत १९८०च्या दशकात गणिताची जी पुस्तके प्रसिद्ध केली, ती घरी शिकवणाऱ्यांत फार चालली. त्यांची रचना अशी की, प्रत्येक धड्यात नवा भाग अगदी थोडा आणि त्यापुढचा उदाहरणसंग्रह मिश्र. म्हणजे आजच्या धड्याची दोन-चार उदाहरणे आणि बाकीची गेल्या कित्येक धड्यांतली. अशा पुस्तकात 'एक सोडून एक उदाहरण करा' असे सांगितले, तर एखाद्या प्रकारचे एकुलते एक उदाहरण नेमके गळून जाते आणि महिनाभरात मूल तो प्रकारच विसरते. याउलट ज्या पुस्तकात एकाच प्रकारची तीस उदाहरणे ओळीने दिलेली असतात, तेथे आठ केली तरी पुरतात. म्हणून 'किती सोडायची' याच्याआधी 'कोणती सोडायची' हा प्रश्न विचारावा.

यामागे स्मरणाचे शास्त्रही आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की, पाठ केलेले आपण सुरुवातीला झपाट्याने आणि मग सावकाश विसरतो; आणि एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते. त्यानंतरच्या शंभरावर वर्षांच्या संशोधनाने त्याला दुजोराच दिला आहे. यावरून निघणारा व्यवहार सोपा आहे. आज एकदम तीस उदाहरणे करण्यापेक्षा आज आठ, पुढच्या आठवड्यात चार आणि पुढच्या महिन्यात तीन करावीत. काम निम्मे होते आणि लक्षात जास्त राहते. घोकंपट्टी सोडावी, उजळणी सोडू नये.

दुसऱ्या प्रकारचे विषय शिवारासारखे असतात. इतिहास, भूगोल, वाङ्मय आणि लहान वयातले विज्ञान ही त्याची उदाहरणे. शिवारात कोणत्याही बांधावरून शिरता येते. प्राचीन इजिप्तचा धडा वाचताना एखादा मुलगा नाईल नदीच्या पुरातच अडकतो. पूर का येतो, गाळ कोठून येतो, शेताच्या मोडलेल्या हद्दी पुन्हा कशा आखत, हे तो दोन महिने विचारत राहतो आणि रोमन साम्राज्याला वर्षअखेरीस वेळच उरत नाही. हे नुकसान झाले काय? माझ्या मते नाही. रोम पुढच्या वर्षी वाचता येईल. नदी, शेती, भूमिती आणि राज्यसत्ता यांचा संबंध मात्र त्या मुलाने स्वतः ओढून आणला आहे, आणि तो पुस्तकाच्या वेळापत्रकात बसणारा नव्हता. फक्त एक करावे. भिंतीवर एक लांब कागद लावून त्यावर शतके आखावीत आणि जे वाचले ते त्यावर नोंदवावे. मधली रिकामी जागा मुलाला रोज दिसत राहते. जे राहिले आहे ते माहीत असणे आणि राहिले आहे हेच माहीत नसणे, यांत फार अंतर आहे.

इंग्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांची पद्धत येथे आठवते. घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी त्यांनी १८९०च्या दशकात टपालाने अभ्यासक्रम पाठवायला सुरुवात केली. लहान मुलांचे पाठ पंधरा-वीस मिनिटांपलीकडे त्या जाऊ देत नसत. चांगली पुस्तके घ्यावीत, ती थोडीथोडी वाचावीत, एकेक पुस्तक कित्येक सत्रे पुरवावे आणि वाचून झाले की मुलाने ते मिटून आपल्या शब्दांत सांगावे, असा त्यांचा शिरस्ता. मुलाला सांगता आले तर ते त्याचे झाले. हे माप पानांच्या मापापेक्षा अवघडही आहे आणि प्रामाणिकही.

तिसरा प्रकार नुसत्या सवयीच्या कामांचा. सुलेखन, शुद्धलेखन, टंकलेखन. येथे पुस्तिका कौशल्य येईपर्यंतच. अक्षर वळणदार आले की उरलेली कित्त्याची पाने भरण्यापेक्षा मुलाने आजीला पत्र लिहिलेले बरे.

सोडण्याची शिस्त

या सर्व विवेचनावरून कोणाला वाटेल की, हे तर आळशाला आयते कुरण! हा धोका खरा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. भाग सोडण्याची योग्य कारणे तीनच आहेत. मुलाला तो आधीच येतो; किंवा मूल अजून त्यासाठी तयार नाही, म्हणून तो पुढे ढकलायचा आहे; किंवा ते पुस्तकच त्या मुलाला मानवत नाही आणि तोच भाग दुसऱ्या मार्गाने शिकवायचा आहे. चौथे कारण नेहमी दबा धरून बसलेले असते, ते म्हणजे तो भाग अवघड आहे आणि शिकवायचा कंटाळा आला आहे. अपूर्णांकांचा धडा याच कारणाने मागे पडतो. दुर्दैवाची गोष्ट अशी की, पुष्कळदा ज्या पालकाला स्वतःला शाळेत अपूर्णांक आले नाहीत, तोच आपल्या मुलाचे अपूर्णांक 'नंतर पाहू' म्हणून बाजूला सारतो. भीतीसुद्धा वारशाने मिळते.

यावर उपाय म्हणजे एक साधी वही. त्यात तीन रकाने – काय सोडले, का सोडले, पुन्हा केव्हा पाहायचे. तीन वेळा एकच विषय पुढे ढकलला गेला, तर ती लवचिकता राहिली नाही, टाळाटाळ झाली असे समजावे आणि गरज पडली तर दुसऱ्या जाणत्या माणसाची मदत घ्यावी. शेजारची एखादी बाई गणितात तरबेज असते, आपण तिच्या मुलीला गाणे शिकवावे. असे देवघेवीचे गट अमेरिकेत ठिकठिकाणी आहेत. जो सोडतो त्याने आधी पुस्तक चाळलेले असले पाहिजे. न वाचलेले पुस्तक सोडणे आणि वाचून, तोलून बाजूला ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा आक्षेप असा येतो की, हाती घेतलेले काम तडीस नेण्याची सवय मुलांना लागली पाहिजे. अगदी मान्य. पण तडीस नेण्याचे काम असे असावे की, ज्याचा शेवट त्या कामातच असतो. सदरा शिवायला घेतला तर तो अंगात घालता आला पाहिजे. वाफा लावला तर त्यातली मेथी ताटात आली पाहिजे. गोष्ट वाचायला घेतली तर तिचा शेवट कळला पाहिजे. चौथीचे व्याकरण पृष्ठ १८० वर संपते, याला मात्र पुस्तकाच्या आखणीपलीकडे कारण नसते.

राहिली भोकांची भीती. ती बाळगणाऱ्यांनी आपल्या शाळांकडेही एकदा पाहावे. आपल्या दहावीला १०० पैकी ३५ गुण मिळवणारा उत्तीर्ण होतो. म्हणजे ६५ गुणांइतके भोक आपण अधिकृतपणे मान्य केले आहे. ते कोठे आहे हे मात्र गुणपत्रिका सांगत नाही. घरच्या शिक्षणात आईला ते नेमके ठाऊक असू शकते.

आपल्याकडे

हा सगळा विचार सातासमुद्रापलीकडचा वाटला, तरी आपल्याकडे त्याच्या खुणा नाहीत असे नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. 'कुरणशाळा' हे तिचे नाव. मुलाने वेळापत्रकाला शरण जावे, की वेळापत्रकाने मुलाला, या प्रश्नाचे यापेक्षा स्वच्छ उत्तर मला ठाऊक नाही.

सरकारी पातळीवरही हा प्रश्न उठला आहे. प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ साली 'ओझ्याविना शिक्षण' या अर्थाच्या नावाचा अहवाल दिला. शाळेत शिकवले फार जाते आणि समजते थोडे, हे त्यातले मुख्य दुखणे. तरीही २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने कलम २४ मध्ये शिक्षकाची जी कर्तव्ये सांगितली, त्यांत ठरलेल्या वेळेत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणे हे एक आहे. त्याच कलमात त्याच्या लगेच पुढे प्रत्येक मुलाची कुवत अजमावून त्याला लागेल ते जादा शिक्षण द्यावे, असेही कर्तव्य आहे. वर्गात ही दोन कर्तव्ये एकमेकांशी भांडतात आणि बहुधा पहिले जिंकते, कारण पहिले मोजता येते. मग २०२०-२१ मध्ये महामारीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा महाराष्ट्र शासनाने पहिली ते बारावीचा पाठ्यक्रम २५ टक्क्यांनी कमी केला. जे अशक्य मानले जात होते ते एका आदेशाने झाले. फक्त ते सर्व मुलांसाठी एकसारखे झाले. कोणत्या मुलाला कोणता चतुर्थांश नको होता, हे पाहण्याची त्यात सोय नव्हती.

घरी शिकवण्याविषयी या कायद्यात स्पष्ट असे काही म्हटलेले नाही. तरी मुंबई-पुण्याकडे अशी थोडी कुटुंबे आहेत आणि त्यांतील अनेक मुले पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षा देतात. १९८९ साली स्थापन झालेल्या या संस्थेत एकदा नाव नोंदवल्यावर पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेची संधी मिळते आणि एकेक विषय सावकाश सोडवता येतो. नोकरी करून शिकणाऱ्या, संसारात पडलेल्या कित्येकांनाही तिचा आधार झाला आहे.

अर्थात, सर्वांनी शाळा सोडून घरी शिकवावे असे सुचवण्याचा येथे मुळीच हेतू नाही. घरी शिकवायला घरात कोणीतरी मोकळे असावे लागते, आणि ते कोणीतरी म्हणजे बहुतेक वेळा आईच असते. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईच्या मुलाला शाळेसारखा दुसरा आधार नाही. पण घरच्या शिक्षणाचा प्रयोग आपल्याला एक गोष्ट उघड करून दाखवतो. घंटा, निरीक्षक आणि परीक्षा ही सगळी कारणे काढून घेतली तरी शेवटच्या पानाचा आग्रह उरतो. म्हणजे तो केवळ व्यवस्थेचा दोष नाही. तो शिकवणाऱ्याच्या मनात बसलेला आहे. आणि त्याची किंमत मूल मोजते. आई रोज वसुली कारकुनासारखी उरलेली पाने मागू लागली की मुलाच्या लेखी पुस्तक म्हणजे फेडायचे कर्ज होते. कर्ज फिटले की सावकाराचे तोंड पुन्हा पाहावेसे वाटत नाही. पदवी हाती पडल्यावर एकही पुस्तक न उघडणारे सुशिक्षित आपल्या आसपास इतके का आहेत, याचे एक उत्तर येथे असावे.

मराठीत 'पुरे' आणि 'पूर्ण' असे दोन शब्द आहेत. पूर्ण म्हणजे काही शिल्लक न राहणे. पुरे म्हणजे गरजेइतके होणे. जेवताना हा फरक आपल्याला नीट कळतो. पाने संपली की अभ्यास पूर्ण झाला, हे कोणीही मोजून सांगू शकते. तो पुरे झाला की नाही, हे मात्र समोरच्या मुलाकडे पाहिल्यावाचून सांगता येत नाही. त्याला पुस्तक मिटून चार वाक्ये बोलायला लावावे लागते आणि ती शांतपणे ऐकावी लागतात. पुढील सत्राच्या पहिल्या दिवशी आपण विद्यार्थ्यांनी आणि आपल्या गुरुजनांनी मिळून एवढे करून पाहायला काय हरकत आहे? प्रत्येक विषयाची अनुक्रमणिका समोर ठेवावी. जिन्याच्या पायऱ्या कोणत्या आणि शिवाराचे बांध कोणते, हे ठरवावे. जे येते त्यावर वेळ घालवू नये आणि जे येत नाही ते झाकू नये. पोर्शन तरीही संपवावा लागेलच, परीक्षा काही टळत नाही. परंतु व्हरांड्यातल्या प्रश्नाच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायची सवय आपल्याला लागेल, "त्यातले तुला सांगता काय येईल?"